फेफऱ्याच्या गोळ्या : त्या काय करतात आणि एकदम कां सोडूं नयेत
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आज मी फेफऱ्याविषयीं बोलणार आहें. कोणी याला मिरगी म्हणतात, कोणी अपस्मार म्हणतात, कोणी नुसतें 'फिट येणें' म्हणतात. नांव कोणतेंहि घ्या, ज्या घरांत हा रोग असतो तें घर तो झांकून ठेवतें. मुलीला असला तर सोयरीक मोडेल म्हणून, मुलाला असला तर कोणी कामावर घेणार नाहीं म्हणून. दवाखान्यांतून गोळ्या आणल्या तरी त्या पिठाच्या डब्यामागें लपवावयाच्या, आणि दोनचार महिने झटका आला नाहीं कीं गुपचूप बंद करावयाच्या! मग एके दिवशीं माणूस पडतो, तो पहिल्यापेक्षां वाईट पडतो. लोक म्हणतात, "गोळ्यांनीं कांहीं गुण आला नाहीं." माझें सांगणें असें कीं, गुण आला होता, घात झाला तो गोळ्या एकदम सोडल्यामुळें. हें कसें होतें तें कळण्यासाठीं गोळी डोक्यांत जाऊन काय करते, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आपल्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. एकीचा निरोप विजेच्या बारीक लहरीच्या रूपानें निघतो. पेशीच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारीं दारें असतात. दारें उघडलीं कीं मिठांत असणारा सोडियम आंत शिरतो व लहर पुढें धांवते. दारें मिटलीं कीं ती थांबते. ज्यानें रात्रीं पाटाच्या पाण्यावर उभें राहून दारें धरलीं आहेत, त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. लहर पेशीच्या टोंकाला पोहोंचली कीं तेथून एखादें रसायन सुटतें. कांहीं रसायनें पुढच्या पेशीला 'चल' म्हणतात, कांहीं 'थांब' म्हणतात. थांबविणाऱ्यांत गाबा नांवाचें रसायन मुख्य आहे. बैलाला जशी वेसण, तसा मेंदूला गाबा.

मग फेफरें म्हणजे काय? पाट फुटावा आणि पाणी सगळ्या वाफ्यांत एकदम घुसावें, तसें कांहीं वेळ मेंदूंत होतें. असंख्य पेशी एकाच तालावर लहरी सोडूं लागतात आणि वेसण पुरी पडत नाहीं. हातपाय झटकतात, दांतखीळ बसते, शुद्ध जाते. कांहीं मुलांना नुसती क्षणभर टक लागते. गुरुजींना वाटतें, पोराचें लक्ष नाहीं. यांत भूत नाहीं, करणी नाहीं, मागल्या जन्माचें पाप नाहीं. जर्मनींतील हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं माणसाच्या मेंदूंतील विजेच्या लहरी टिपल्या व १९२९ सालीं तें जगापुढें मांडलें. फेफऱ्याची लहर आज कागदावर उमटलेली पाहतां येते. जें कागदावर उमटतें, त्याच्यासाठीं देवऋषीला कोंबडें देऊन काय साधणार?

आतां औषधें घेऊं. पहिलें उपयोगी पडलेलें औषध म्हणजे ब्रोमाइड. लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनीं १८५७ सालीं त्याचा गुण सांगितला. झटके कमी होत, पण माणूस मंद होई आणि अंगावर फोड उठत. १९१२ सालीं जर्मनींत आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं झोपेचें म्हणून निघालेलें फेनोबार्बिटोन रोग्यांना दिलें, तों झटकेहि कमी झाले. हें औषध गाबाची वेसण घट्ट करतें. १९३८ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें. तें वेसणीला हात लावीत नाहीं, तें दारें धरतें. आणि जें दार वरचेवर उघडमीट करीत असेल, त्यालाच जास्त अडवून धरतें. म्हणून माणसाला फारसा गुंगींत न टाकतां झटका रोखतां येतो. कार्बामाझेपीन हें त्याच जातीचें. व्हॅलप्रोएटचा गुण १९६२ सालीं फ्रान्समध्यें योगायोगानें कळला. दुसरीं औषधें विरघळविण्यासाठीं तें घेतलें होतें; पण खरा गुण त्याचाच निघाला! हीं चारहि औषधें भारत सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहेत.

कोणी म्हणेल, "औषधें चांगलीं आहेत, पण त्यांनीं दुसरेंच कांहीं होतें त्याचें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि तो दडपणारा मनुष्य तुमचा हितकर्ता नव्हे. औषध रक्तावाटे सगळीकडे जातें. 'दुखऱ्या कोपऱ्यांतच जा' असा हुकूम त्याला करतां येत नाहीं. वेसण घट्ट झाली ती आडदांड बैलाची झाली, तशी गरीब बैलाचीहि झाली. म्हणून फेनोबार्बिटोननें झोंप येते, डोकें जड राहतें, आणि कांहीं मुलें उलट चिडखोर व द्वाड होतात. फेनिटॉइनचें प्रमाण जास्त झालें तर तोल संभाळणाऱ्या लहान मेंदूवर परिणाम होतो. चाल लटपटते, एकाचीं दोन दिसतात, जीभ जड होते. गांव म्हणतो, "हा पिऊन आला." बिचाऱ्यानें थेंबहि घेतलेला नसतो! या औषधाचा मात्रेपुरता थोडा वाढावाहि रक्तांत एकदम फार चढतो, म्हणून एकाची दीड गोळी आपल्या मनानें करूं नये. त्यानें हिरड्याहि सुजतात. हा मज्जातंतूंवरचा परिणाम नव्हे, पण दांत रोज नीट घासल्यानें तो पुष्कळ कमी राहतो. कार्बामाझेपीन सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलें, आणि त्याबरोबर ताप किंवा तोंडांत फोड असले, तर उद्यांवर न टाकतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

आयाबहिणींनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. व्हॅलप्रोएटनें वजन वाढतें, केस गळतात, हात कांपतात. पण मोठा धोका पोटांतल्या बाळाला आहे. गरोदरपणीं हें औषध चालू असलेल्या शंभर स्त्रियांमागें सुमारें दहांच्या बाळांत मोठें व्यंग निघतें, आणि पुष्कळ मुलांची बुद्धीची वाढहि मागें पडते. म्हणून मुलगी वयांत आली कीं, लग्नाची बोलणी निघण्याच्या आधींच, डॉक्टरांना विचारून दुसरें औषध लागू पडतें का तें पाहावें. मात्र दिवस गेल्याचें कळतांच घाबरून गोळी टाकूं नका. मोठा झटका आईला व बाळाला, दोघांनाहि घातक असतो. त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जा.

आतां मुख्य मुद्दा. महिनोन् महिने वेसण घट्ट राहिली कीं मेंदू त्या ओढीला सरावतो. ती एका दिवसांत कापली तर काय होईल? बैल नुसता पूर्वीसारखा चालणार नाहीं, तो उधळेल. गोळी एकदम थांबली कीं झटक्यामागून झटका येतो, मध्यें शुद्धहि येत नाहीं, आणि कित्येकदां माणूस दगावतो. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतातच असें नाहीं. बहुधा दोन वर्षें किंवा जास्त काळ झटका आला नाहीं, तर डॉक्टर पुष्कळांच्या गोळ्या हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानें, उतरवितात. वेसण सैल करावयाची ती अशी, बोटाबोटानें. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, जगांत सुमारें ५ कोटि लोकांना हा रोग आहे, आणि नीट औषध मिळालें तर शंभरांतले सत्तरपर्यंत लोक झटक्यांवांचून राहूं शकतात. हा आंकडा ऐकून तरी चिकाटी धरावी.

दुसरा एक फसवा मार्ग आहे. 'जडीबुटीची पुडी, फिट कायमची बंद' असें सांगून महिन्याला पुष्कळ पैसे उपटणारे लोक आहेत. अशा कांहीं पुड्या तपासल्या तेव्हां त्यांत फेनोबार्बिटोनच मिसळलेलें सांपडलें! म्हणजे औषध तेंच, पण किती तें घेणाऱ्याला ठाऊक नाहीं. आणि पुडी संपली कीं बैल उधळलाच. जें दवाखान्यांत मापानें मिळतें, तें अंधारांत दामदुपटीनें कां घ्यावें?

आतां झटका आल्यावर काय करावें तें सांगतों. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखालीं मऊ कांहीं घाला, चूल व अवजारें दूर करा. तोंडांत चमचा, बोट, पाणी कांहीं घालूं नका. हातपाय दाबूं नका. कांदा किंवा जोडा हुंगवूं नका. झटका बहुधा दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि श्रेय जोड्याला मिळतें! घड्याळ पाहा. पांच मिनिटांवर गेला, किंवा शुद्ध न येतां दुसरा आला, तर गाडी काढून तडक दवाखाना गांठा. ज्याला झटके येतात त्यानें विहिरीवर एकट्यानें जाऊं नये, दारूला शिवूं नये, रात्रीची झोंप मोडूं नये, आणि एकहि दिवस गोळी चुकवूं नये.

शेवटीं लग्नाचें. वरचेवर फेफरें येणाऱ्याच्या लग्नाला आड येणारे शब्द १९७६ सालीं हिंदु विवाह कायद्यांत घातले गेले होते. ते १९९९ सालीं काढून टाकले. कायद्यानें जें काढलें तें आपल्या मनांत कां राहावें? लपवून केलेल्या लग्नांत सून नव्या घरीं गोळी घेऊं शकत नाहीं, आणि तेथेंच ती पडते. म्हणून दोन्ही घरांनीं उघड बोलावें. पिठाच्या डब्यामागची गोळी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवावी. म्हणजे घेणाराहि विसरणार नाहीं आणि घरचेहि विसरूं देणार नाहींत.