अठरा फूट उंच, साठ फूट लांब

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलमध्ये 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं कोडॅक कंपनीनं एक चित्र झळकवलं. 18 फूट उंच, 60 फूट लांब! नाव होतं ‘कोलोरामा’. ही कागदावरची प्रत नव्हे, तर मागून दिव्यांनी उजळलेली प्रचंड पारदर्शिका. दर काही आठवड्यांनी चित्र बदलायचं. अशी 565 चित्रं लागली. ॲन्सेल ॲडम्ससारख्या दिग्गजानंही त्यासाठी छायाचित्रं टिपली.

एवढी रुंद फिल्म कुठेच बनत नसे. त्यामुळे चित्र उभ्या पट्ट्यांमध्ये छापून, पट्ट्या जोडून उभं करावं लागे. खरी परीक्षा इथेच होती. एरवी रंगात किंचित फरक पडला तर डोळा तो खपवून घेतो, पण दोन पट्ट्या शेजारी आल्या की निळ्या आकाशातली हलकीशी छटाही लगेच खुपते. म्हणून प्रत्येक पट्टीला मोजून तेवढाच प्रकाश द्यायचा, रसायनाचं तापमान आणि वेळ जराही ढळू द्यायची नाही. सुरुवातीला 20 इंच लांबीची फिल्म घेणारा कॅमेरा वापरत. म्हणजे चित्राची लांबी छत्तीस पटींनी वाढायची! मूळ फिल्मवरचा बारीकसा धूलिकणही भिंतीवर ठळक डाग होऊन उमटणार. अंधाऱ्या खोलीत हे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचं कौशल्य मला छायाचित्रकाराच्या तोलाचं वाटतं.

आज डिजिटल यंत्रं रुंद रोलवर मोठे प्रिंट सहज काढतात. पण भिंत रोलहून रुंद असली, की जोड आजही द्यावाच लागतो.