शाळेंतील प्रश्न आणि शिक्षकाचा शोध



३०२ मधून १४७ वजा करावयास सांगितले असतां वर्गांतील एखादा मुलगा २४५ असें उत्तर लिहितो. बरोबर उत्तर १५५. गुरुजी तांबडी फुली मारतात, ‘लक्ष नाहीं’ असा शेरा देतात आणि पुढची वही हातीं घेतात. घरीं आपणही तेंच म्हणतों. परंतु त्या चुकीकडे क्षणभर थांबून पाहिलें, तर ती निष्काळजीपणाची नाहीं असें दिसून येईल. मुलानें प्रत्येक स्थानीं मोठ्या अंकांतून लहान अंक वजा केला आहे : सातांतून दोन, चारांतून शून्य, तिनांतून एक. त्यानें एक नियम पाळला आहे. तो नियम मात्र चुकीचा आहे. अशा मुलावर रागावून काय साधणार?

येथूनच शिक्षकाच्या शोधास आरंभ होतो. तो आठवडाभर वह्या पाहून ही चूक कितीजण करतात, तें टिपून ठेवतो. मग उपाय योजतो. दहा काड्यांची जुडी, दहा जुड्यांची मोळी. मोळी सोडल्यावांचून जुडी मिळत नाहीं व जुडी सोडल्यावांचून सुट्या काड्या मिळत नाहींत, हें तो मुलांना स्वतःच्या हातांनीं करून पाहूं देतो. तीन आठवड्यांनीं तशींच उदाहरणें पुन्हां घालतो. चूक किती कमी झाली? ज्यांची राहिली, त्यांचें कारण निराळें आहे काय? त्याप्रमाणें उपाय सुधारून पुन्हां तीच वाट चालावयाची. या रीतीस कृतिसंशोधन असें म्हणतात.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या १९४६ सालच्या निबंधामुळें हें नांव रूढ झालें. योजना करावी, कृति करावी, तिचें फळ तपासावें व त्यावरून पुढील योजना ठरवावी, असा त्याचा क्रम. कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक-महाविद्यालयांतील स्टीफन कोरी यांनीं १९५३ सालीं ग्रंथ लिहून ही रीत शाळेच्या दारीं आणली. पुढें इंग्लंडांत लॉरेन्स स्टेनहाउस यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत, शिक्षकानेंच संशोधक व्हावें, असा आग्रह धरला.

नांव कांहींही असो, ही दृष्टि आपल्याकडेही परकी नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें. १९५७ मध्यें तें जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें शाळेंत येत ना. पालकांची उदासीनता, मुलांचा आळस, अशीं कारणें सांगून मोकळें होणें सोपें होतें. परंतु मुलांचा दिवस कसा जातो हें पाहतां उमगलें, कीं कोणी गुरें राखावयास जातो, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतो. तेव्हां शाळाच मुलांच्या अंगणांत गेली, ती अंगणवाडी; आणि गुरें चरत तेथें गेली, ती कुरणशाळा. मुलांनीं बदलावें हा हट्ट सोडून शाळा बदलली.

मात्र येथें एक धोका आहे. शिक्षक-प्रशिक्षणांत कृतिसंशोधनाचा समावेश झाला, हें चांगलेंच. परंतु पदवीपुरता अहवाल आधीं लिहावयाचा आणि आंकडे मागाहून जुळवावयाचे, असें घडलें तर त्यांत कृतीही नाहीं व संशोधनही नाहीं. उपाय फसला असेल, तर ‘फसला’ असें लिहिण्याचें धैर्य शिक्षकास हवें. आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला कमीपणा येऊं न देण्याचें औदार्य मुख्याध्यापकांस हवें. तसेंच, एका वर्गांत लाधलेलें उत्तर म्हणजे सर्व शाळांचा सिद्धान्त नव्हे. शेजारच्या वर्गांत तें पुन्हां पारखूनच घ्यावें लागतें.

आपणांपैकीं पुष्कळजण शिक्षक नसतील, परंतु पालक असतील. पुढच्या वेळीं मुलाची वही उघडाल, तेव्हां गुण विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारा, “हें उत्तर तूं कसें काढलेंस?” आणि तो सांगेल तें शांतपणें ऐकून घ्या. चुकीचें कारण बहुधा त्याच्याच तोंडून कळेल. तें त्याच्या शिक्षकांस कळवा. त्यांच्या शोधास तेवढाच हातभार लागेल, आणि एका मुलाच्या माथीं बसलेला ‘लक्ष नाहीं’ हा शेरा कदाचित् पुसला जाईल.