दुर्बिणींतला पुसट डाग



घरीं नवी दुर्बीण आली, कीं प्रथम चंद्र पाहावयाचा आणि मग शनीचीं कडीं. येथवर साऱ्या घराचा आनंद ओसंडत असतो. पुढें कोणी हौसेनें देवयानी दीर्घिकेकडे दुर्बीण वळवतो, आणि पुस्तकांतल्या तेजस्वी चक्राऐवजीं एक करडा, पुसट डाग दिसतो. ‘एवढेंच का?’ असें म्हणून दुर्बीण जी फडताळांत जाते, ती पुन्हां बाहेर येत नाहीं. ती बाहेर यावी, म्हणून हें भाषण.

पुस्तकांतलीं चित्रें खोटीं नसतात. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश सांठवूं शकतो. डोळ्याला तें साधत नाहीं. म्हणून आरंभ तारकागुच्छांनीं करावा. नुसत्या डोळ्यांस सहासात दिसणाऱ्या कृत्तिका लहान दुर्बिणींतून डझनावारी दिसतात. पुष्य नक्षत्रांतल्या अंधुक ठिपक्यांत गॅलिलिओला चाळिसांहून अधिक तारे आढळले, आणि तें त्यानें १६१० सालीं प्रसिद्ध केलें. तो चमत्कार आपल्या गच्चीवरहि घडतो.

मग देवयानीकडे वळावें. मार्गशीर्षांतील अंधाऱ्या रात्रीं, तिन्हीसांजेनंतर, भाद्रपदांच्या चौकोनाचा ईशान्य कोपरा शोधावा. तेथून निघणाऱ्या ओळींतल्या पहिल्या ठळक ताऱ्यापाशीं शर्मिष्ठेच्या बाजूस वळून दोन मंद तारे गांठले, कीं दीर्घिका जवळच असते. ती पूर्ण चंद्राच्या सुमारें सहापट लांब पसरलेली आहे. म्हणून सर्वांत कमी मोठें दाखवणारें नेत्रभिंग लावावें. प्रतिमा जितकी मोठी करावी, तितका तिचा प्रकाश विरळ होतो. डोळ्यांना अर्धा तास अंधाराची संवय होऊं द्यावी, आणि डागाकडे थेट न पाहतां किंचित्‌ बाजूला पाहावें. दृष्टिपटलाचा कडेचा भाग मंद प्रकाशास अधिक तरल असतो.

याच डागांत एडविन हबल यांना १९२३ सालीं एक रूपविकारी तारा सांपडला. त्यावरून त्यांनीं अंतर काढलें, आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हें सिद्ध झालें. आजच्या मापनानुसार तें अंतर सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें आहे. आपल्या डोळ्यांत शिरणारा तो प्रकाश निघाला, तेव्हां आपली मानवजात जन्मासहि आली नव्हती!

इतक्या दुरून आलेल्या त्या पाहुण्यासाठीं शहराचे दिवे विझवणें आपल्या हातीं नाहीं. निदान आपल्या गच्चीवरचा दिवा तरी आपण मालवावा.