हाड जुळल्यानंतरची धाव

उज्जैनच्या भैरवगढात पहाटे काळभैरवापासून सिद्धवटाकडे, क्षिप्रेच्या बाजूने धावण्याचं सुख मोठं असतं. पाऊल दुखावल्यामुळे ते सुटलं असेल, तर मन परतीसाठी अधीर होणारच.

पावलात 26 हाडं असतात. लांब अंतर धावणाऱ्यांच्या बोटांमागच्या लांब हाडांना अतिताणाने बारीक चीर जाऊ शकते. ती भरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. खरी कसोटी त्यानंतरची. सायकल चालवून, पोहून दम टिकवलेला असतो. वाटतं, दहा किलोमीटर सहज जातील. पण हाडं आणि स्नायूंच्या कंडरा दमापेक्षा फार सावकाश तयार होतात. दुखणं उलटतं ते बरेचदा इथेच.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली, की आधी अर्धा तास न लंगडता चालून पाहा. ते जमलं, की एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टेकवताना काय जाणवतं, ते नीट पाहा. घड्याळातल्या आकड्यांपेक्षा माझा त्यावर अधिक विश्वास आहे. दुखलं, सूज दिसली, तर एक टप्पा मागे या. पोटरीच्या ताकदीसाठी भिंतीला धरून टाचा उचलत राहा.

वैशाखातली इथली पंचक्रोशी यात्रा 118 किलोमीटरची. भर उन्हात कित्येक जण ती अनवाणी करतात. त्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. पण चीर नुकतीच भरली असेल, तर यंदा पायात चांगले बूट घाला आणि यात्रेकरूंसोबत थोडंसंच चाला.