आरोपापूर्वी मोजमाप



रमणबाग आणि अहिल्यादेवी या दोन शाळांच्या सान्निध्यामुळे म्हणा किंवा विद्येविषयीच्या जुन्या आदरामुळे म्हणा, पुण्यातील आमच्या शनिवार पेठेत मुलाच्या अभ्यासाची चौकशी घरोघर होते. परंतु जे मूल तोंडी उत्तरे खणखणीत देते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, आणि तरीही सदऱ्याच्या गुंड्या लावताना, बुटाची नाडी बांधताना किंवा फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवताना वर्गाच्या मागे राहते, त्याच्यावर आळसाचा आरोप फार लवकर शाबीत केला जातो. ‘वेंधळा’, ‘धांदरट’ हे शब्द वडीलधारी माणसे मायेनेच उच्चारतात. पण सातव्या-आठव्या वर्षी मूल ते अंतिम निकालासारखे स्वीकारते आणि मैदानापासून व लेखणीपासून आपण होऊन दूर सरू लागते. आरोपापूर्वी मोजमाप व्हावे, एवढीच माझी मागणी आहे.

निदान शिशुवयासाठी हे मोजमाप आपल्याकडे नाही असे नाही. अमेरिकेत नॅन्सी बेली या विदुषीने शिशुविकासाच्या मापनश्रेणी सिद्ध केल्या होत्या. परंतु तिकडच्या बालकांवरून ठरलेली वये इकडच्या बालकांना तशीच लागू करणे न्याय्य नव्हे, हे ओळखून डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बालकांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि सुधारित श्रेणी १९९७ मध्ये पुण्याहून प्रकाशित झाली. तीत मानसिक विकासाच्या १६३ आणि कारक, म्हणजे हालचालींच्या, विकासाच्या ६७ कसोट्या आहेत : मान धरणे, बसणे, उभे राहणे, पाऊल टाकणे, वस्तूकडे हात नेऊन ती उचलणे. प्रत्येक कृती निम्म्या बालकांना कोणत्या वयास साधते, याचा तपशील तीत दिलेला असल्यामुळे ‘शेजारचा चालू लागला, आमचा अजून नाही’ या तुलनेची जागा शास्त्र घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतही, जीत भारतातील बालके होती, निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले.

परंतु वेळेवर चालू लागलेले मूल पुढेही अडखळणार नाही, असा भरवसा त्यावरून देता येत नाही. आणि येथेच रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे कार्य मला अतिशय मोलाचे वाटते. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८७ च्या सुमारास जन्मलेल्या आणि जन्मवेळी दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बालकांचा मागोवा त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत घेतला. सहाव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत, तथापि पुरेशा वजनाच्या मुलांहून कमी भरला. डोळ्यांनी पाहिलेली आकृती हाताने उतरविणे आणि शरीराच्या हालचालींतील कौशल्य यांत ती मागे असल्याचेही दिसून आले. ज्या मुलाला आपण ‘लहानपणी नाजूक होता, आता छान आहे’ असे म्हणतो, त्याची अडचण पहिल्या इयत्तेच्या वहीत प्रथम प्रकट होऊ शकते, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या धीराशिवाय कळलीच नसती. संशोधकाच्या चिकाटीचे याहून चांगले उदाहरण मला सहसा आढळलेले नाही.

हालचालींच्या सुसूत्रतेचा हा दोष पूर्ण वजनाच्या मुलांतही आढळतो. पाच ते अकरा वर्षांच्या शंभर मुलांमागे पाच-सहा, असा अंदाज मान्य झालेला आहे. तो केवळ वय वाढल्याने जाईल या आशेवर बसू नये, आणि शंभर वेळा तेच पान लिहावयास लावून तर मुळीच जात नाही. जे काम अडते, तेच लहान-लहान टप्प्यांत विभागून, घरात आणि वर्गात, व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने शिकविणे हा उपाय आज अधिक उपयुक्त मानला जातो.

तेव्हा शिक्षकांना विनंती अशी की, अक्षराबद्दल तक्रार लिहिण्यापूर्वी पालकांना मुलाच्या जन्मवेळच्या वजनाविषयी आणि प्रसूती मुदतीपूर्वी झाली होती काय याविषयी विचारावे. आणि पालकांनी रुग्णालयातून घरी येताना मिळालेले कार्ड जपून ठेवून बालविकास केंद्रातील तपासणीस जाताना ते अवश्य बरोबर न्यावे.