प्रोकोपियसची भिंत आणि आपले पादरे



रोमन सत्तेने इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनचा हात सोडला. त्यानंतर सुमारे एकशेचाळीस वर्षांनी प्रोकोपियसने आपला युद्धेतिहास लिहिला. हा गृहस्थ भाबडा नव्हे. सेनापती बेलिसारियसबरोबर तो आफ्रिकेत व इटलीत हिंडला होता. परंतु ‘ब्रिटिया’ नावाच्या बेटाकडे वळताच त्याची लेखणी पालटते. तेथे एक प्राचीन भिंत आहे. एका बाजूस शेते पिकतात, दुसऱ्या बाजूस सर्पांचे राज्य, आणि तिकडे गेलेला मनुष्य अर्धा तासही जगत नाही, असे तो सांगतो. समोरच्या किनाऱ्यावरील कोळी मृतांचे आत्मे रात्री होडीतून तेथे पोचवितात, हेही सांगतो. अनेकांच्या तोंडून ऐकले म्हणून नोंदवितो, एवढी प्रांजळ कबुली मात्र देतो.

ही भिंत हेड्रियनचीच असावी. तिच्यालगत विंडोलांडा येथे १९७३ पासून लाकडी पट्ट्यांवरील पत्रे सापडत आहेत. त्यांतील एकात पायमोजे पाठविल्याची नोंद आहे! जेथे रोमन शिपायांना थंडी वाजत होती, तेथेच पुढे भुतांची वस्ती झाली.

आपल्या अटकेचे निराळे काय झाले? १७५८ मध्ये मराठी फौजा तेथवर पोचल्या, पुढच्याच वर्षी मागे हटल्या. ठाणे गेले, वाक्प्रचार राहिला. तंजावरकरांनी मात्र १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्यात कुलगौरव आहेच. पण तो तेथल्यांनी लिहिला आहे.

आता पादरे. १७३२ मध्ये डाकोरास पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला, तेव्हा त्यांचे स्नेही, पादऱ्याचे दल्ला देसाई यांनी भिल्ल-कोळ्यांना उठविले आणि महादजी गायकवाडांना बडोद्याची वाट मोकळी झाली. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या ग्रंथात हे मोजक्या ओळींत उरकले. आम्हीही त्यात फारशी भर घातली नाही.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. परवा पुण्याच्या भाच्याने मला विचारले, “मामा, तिकडे अजून कोणी मराठी वाचतं का?” मला प्रोकोपियस आठवला. भाच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याला दाखवायला माझ्याजवळ लेखी असे काय होते?

म्हणून एक विनंती. माळ्यावर मोडीतील जमाखर्च, लग्नाच्या याद्या, जुनी पत्रे असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी आपल्या ग्रंथपालांना एकदा दाखवावीत. वाचता येत नसली तरी आणावीत.