तीन महिन्यांचं तिकीट

(स्नेहमेळाव्यात एका वर्गमित्राने केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कॅन्सरशी माझी झुंज’. मी म्हटलं, एवढं मोठं नाव नको. झुंज म्हटली की कुणीतरी जिंकतो, कुणीतरी हरतो. माझ्या आजाराचं तसं नाही. माझा कॅन्सर पौरुषग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा. तो हाडांत पसरलेला आहे आणि पूर्ण बरा होणारा नाही. डॉक्टरांनी हे मला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं. लगेच पुढे म्हणाले, “पण सांभाळता येतो.” त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी चार वर्षं राहतो आहे. तिथं कसं राहायचं, एवढंच आज सांगणार आहे.

काहींना मी खाकी कपड्यांतच आठवत असेन. एकतीस वर्षं एस.टी.त वाहक होतो. बुलढाणा-मलकापूर, बुलढाणा-खामगाव, चिखली-मेहकर. घाटावरच्या आणि घाटाखालच्या निम्म्या जिल्ह्याला मी तिकिटं फाडून दिली आहेत. सगळा जन्म उभ्यानं गेला. निवृत्त झालो आणि वर्षभरात कंबर धरली. सगळ्यांना वाटलं, उभं राहून राहून मणका झिजला. एका तरुण डॉक्टरनं एक्सरे बघितला आणि पीएसए नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. ती साधारण चारच्या आत असावी असं मानतात. माझी दोनशे अठरा निघाली. पुढे तुकड्याची तपासणी, हाडांचा स्कॅन, सगळं रीतसर झालं.

ही ग्रंथी असते कुठे, ते सांगतो. कारण जीवशास्त्राच्या तासाला हे प्रकरण आपल्याला ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलं होतं. बाई, राग मानू नका, त्या काळी सगळ्याच शाळांत तसंच होतं. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. फक्त पुरुषांना असते. वय वाढलं की बहुतेकांची मोठी होते, आणि तो कॅन्सर नसतो. पण काहींमध्ये तिथं कॅन्सर होतो. सुरुवातीला तो बहुधा काहीच त्रास देत नाही. पसरला की हाडं धरतो, त्यातही मणका आणि कटी.

आता उपचार. इथं थोडं स्पष्ट बोलावं लागेल, मैत्रिणींनी समजून घ्यावं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. त्याचा दाणापाणी तोडला की तो आकसतो. हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स या सर्जननं १९४१ साली दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेही १९४१ सालीच. हार्मोन तोडायच्या दोन वाटा होत्या: जन्मभर ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटी शस्त्रक्रिया करून दोन्ही अंडकोष काढून टाकणं. मी खर्च बघितला, खेपा मोजल्या आणि शस्त्रक्रिया पत्करली.

घरी आलो तेव्हा मन फार खचलं होतं. आपण शेतकऱ्यांची पोरं. गोठ्यात वळू कोणता आणि बैल कोणता हे आपल्याला न शिकवता कळतं. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ शेतावरून आला, खाटेच्या काठावर बसला आणि म्हणाला, “काहून तोंड पाडून बसला बे? आपल्या वावरात आजवर नांगर कोणं ओढला? वळूनं का?” मी हसलो. आमची मंडळीही दाराआडून हसली. पोळ्याला आपण पूजा कुणाची करतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

शरीरात बदल झाले, ते लपवत नाही. अंगातून अचानक वाफा निघाल्यासारखं होतं, भर थंडीत सदरा भिजतो. स्नायू गळतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, इच्छा मावळते, कधी कारण नसताना रडू येतं. पहिल्यांदा वाफ आली तेव्हा घरच्या बाईनं हातात पंखा दिला आणि एवढंच म्हणाली, “कळलं न आता?” बायकांना हे सगळं पन्नाशीच्या आसपास येतं आणि त्या त्यावर भाषणं करत नाहीत.

सगळ्यात वाईट असतो थकवा. दिवसभर झोपलो तरी हा थकवा जात नाही, उलट वाढतो. त्यावर आजवर माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे व्यायाम. मला हे ऐकून आधी चीडच आली होती. ज्याला उठवत नाही त्याला चाल म्हणतात! पण रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं कागद दिला, तो वाचला आणि ओळखीचा वाटला. हात वर, बाजूला, खाली. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. टाचा उचलणं. हातात वजन घेऊन कोपरात वाकवणं. अरे, ही तर आपल्या ड्रिलच्या सरांची कवायत! लाकडी डंबेल्स आठवतात? मी लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरतो आणि मनात सरांचे आकडे म्हणतो. एक, दोन, तीन, चार, आणि उलट. ज्या दिवशी चुकवतो त्या दिवशी अंग मोडकं असतं.

सकाळी पाऊण तास चालतो. आधी शेजारच्या गल्लीपर्यंत जात होतो, आता राजूर घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. व्यायामानं कॅन्सर बरा होतो असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. व्यायामानं इतकंच होतं की मी संडासला स्वतः जातो, नातवाला शाळेत सोडतो आणि आज इथं उभा आहे. हाडांत आजार असणाऱ्यानं मात्र आपल्या मनानं काही सुरू करू नये. कोणतं हाड कच्चं आहे ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. मला वाकून जड उचलायची आणि कंबरेतून पीळ द्यायची मनाई आहे, म्हणून गव्हाचं पोतं आता मुलगा उचलतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत शरद पवारांचं नाव घेतो. २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, आणि नंतर दोन दशकं राजकारण! मलाही कौतुक आहे, पण तो कॅन्सर वेगळा आणि माझा वेगळा. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष बायडेन यांना माझाच आजार, हाडांत पसरलेला, असल्याचं जाहीर झालं, तेव्हा तुम्ही चौदा जणांनी मला ती बातमी पाठवली. काय म्हणावं? मला जवळचे वाटतात ते दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू. १९९७ मध्ये त्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं. तेव्हा ते सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष होते, लोकांचे भयंकर अनुभव दिवसचे दिवस ऐकत होते. ते काम त्यांनी सोडलं नाही. ते गेले २०२१ च्या डिसेंबरात, नव्वदाव्या वर्षी. त्यांचं शरीर आणि माझं शरीर एक नाही, तेव्हा ती चोवीस वर्षं मी धरून बसलेलो नाही. मला घ्यायचं ते एवढंच की निदानाच्या दुसऱ्या दिवशीही त्यांच्याकडे लोकांचं काम होतं.

मलाही तसं काम सापडलं. या आजाराचे लोक आपल्या जिल्ह्यातून संभाजीनगरला, नागपूरला, नाहीतर शेगाव-मलकापूरहून गाडी धरून मुंबईला जातात. पहिल्या खेपेला माणूस रोगापेक्षा रांगेला घाबरतो. फाईल कुठे काढायची, स्कॅनची तारीख कुठून घ्यायची, राहायचं कुठे. मुंबईत दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, टाटामध्ये येणाऱ्या कॅन्सर रुग्णांची तिथं सोय होते. आपल्याच वऱ्हाडच्या माणसाचं पुण्य. उपचाराला जाताना कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेत भाड्याची सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. हे लोकांना ठाऊक नसतं. मला गर्दी, रांग आणि कागद यांची सवय जन्माची. आजवर सात जणांबरोबर सोबत म्हणून गेलो. त्यांना जागा धरून देतो आणि त्यांच्या घरच्यांना एक वही करायला लावतो. त्यात तारीख, पीएसए, गोळी आणि पुढची खेप लिहायची.

त्या सातातले एक आज नाहीत. घाटाखालचे गृहस्थ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दीड वर्ष रात्री पाच-पाच वेळा उठत होते. गुडघा दुखला असता तर त्यांनी पारावर बसून सांगितलं असतं. पण लघवीचं दुखणं, ते बायकोलाही सांगितलं नाही. मग एक दिवस पाय बधिर झाले, आणि ते कळवायलाही त्यांनी चार दिवस घेतले. मणक्यातल्या मज्जारज्जूवर गाठ दाबत होती. अशा वेळी तासांचा हिशोब असतो. मी त्यांच्याबरोबर रुग्णवाहिकेत होतो. उभं राहणं त्यांना पुन्हा जमलं नाही, आणि पाच महिन्यांत ते गेले. त्या घरी मी अजून जातो. त्यांच्या मुलाला मी पीएसए करून घ्यायला सांगितलं आहे, तो अजून टाळतो.

म्हणून तुम्हालाही सांगतो. आपण सगळे पासष्टीच्या पुढे आहोत. ज्यांनी कधीच विचारलेलं नाही त्यांनी डॉक्टरांना पीएसएबद्दल विचारा. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर तुमच्या मुलांनी पन्नाशीचीही वाट बघू नये. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा तिला सूज आली तरी तो वाढतो. आणि ज्याला हा आजार आहे, त्याचे पाय अचानक जड पडले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.

आता माझं आजचं. शस्त्रक्रिया आणि रोजच्या चार गोळ्या यांनी दोनशे अठराचा आकडा वर्षभरात शून्य पूर्णांक चारवर आला होता. तिथं तो अडीच वर्षं थांबला. गेल्या दोन तपासण्यांत तो थोडा थोडा वर सरकला आहे. आता एक पूर्णांक एक आहे. डॉक्टर म्हणतात, अजून बघू, पुढची औषधं शिल्लक आहेत. याचा अर्थ मला कळतो. पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे. तपासणीच्या आधीचे आठ दिवस झोप लागत नाही, हे खरं आहे.

म्हणून तीन महिन्यांपुढचं तिकीट मी फाडत नाही. पण ते तीन महिने रिकामे ठेवत नाही. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. कुणाचा विश्वास असतो, कुणाचा नसतो. पण पाऊस कमी सांगितला म्हणून बियाणं घरात ठेवलेला शेतकरी मी पाहिला नाही. यंदा मीही घरामागे सीताफळाची सहा रोपं लावली आहेत. फळ धरायला काही वर्षं लागतात, हे लावताना मला ठाऊक होतं. आमची मंडळी म्हणाली, पाणी मात्र तुम्हीच घालायचं.

एक विनंती. मला बघायला येऊ नका. ‘किती उतरला रे’ हे ऐकून मला कंटाळा आला आहे. काम घेऊन या. कुणाला बँकेत जायचंय, कुणाला दवाखान्यात सोबत हवी आहे, कुणाच्या नातवाला गणित येत नाही. सुट्या पैशांचा हिशोब मी अजून तोंडी करतो.

बाहेर पानं मांडलेली दिसतात. मला या गोळ्या उपाशीपोटी घ्याव्या लागतात आणि नंतर तासभर खाता येत नाही. भाषण होतं म्हणून आज त्या उशिरा, आत्ताच घेतल्या. तेव्हा पहिल्या पंगतीला सर आणि बाईंना बसवा. वाढायला मी येतो.